वाळवंट रिकामे नसते

आपल्या समाजातील माणूस घराबाहेर पडतो तो साधारणपणे तीन कारणांनी. पोटासाठी, लग्न-मयतासाठी, आणि सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाण्यासाठी. ही तिन्ही कारणे योग्यच आहेत. पण दुसऱ्या मुलखातील माणसे कशी राहतात, काय खातात, पाणी कुठून आणतात हे डोळ्यांनी पाहावे म्हणून मुलाबाळांना घेऊन निघणारी कुटुंबे आपल्यात अजून थोडीच. "ती चैन झाली, ते आपले काम नव्हे," असे म्हणून विषय मिटवला जातो. आमचे मत थोडे निराळे आहे. मुलांना शाळेच्या पुस्तकातला भूगोल पाठ असतो, पण पायाखालचा भूगोल पाठ करावा लागत नाही, तो आपोआप अंगात मुरतो.

आमच्या वसाहतीतील तीन कुटुंबांनी वर्षभर दरमहा थोडी थोडी रक्कम बाजूला टाकली आणि जानेवारीत थरच्या वाळवंटात चार दिवस राहून यायचे ठरवले. लहानमोठी मिळून अकरा माणसे. बातमी कळल्यावर ऑफिसातले सहकारी, शेजारीपाजारी, नातेवाईक सर्वांनी एकच प्रश्न विचारला, "वाळवंटात पाहायचे काय? तिथे तर काहीच नसते!" ह्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यावे म्हणून आजचा हा लेख.

मुंबईहून जाणे अवघड नाही. वांद्रे टर्मिनसहून सूर्यनगरी एक्सप्रेसने जोधपूर गाठायचे आणि तिथून दुसऱ्या गाडीने जैसलमेरला जायचे. जैसलमेर हे भाटी राजा रावळ जैसल याने ११५६ साली वसवलेले पिवळ्या दगडाचे गाव. इथला किल्ला प्रसिद्ध आहे आणि किल्ल्याच्या आत आजही माणसे राहतात. परंतु आमचा मुक्काम शहरात नव्हता. शहराच्या नैऋत्येला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर खुडी नावाचे गाव आहे, त्या परिसरातील एका साध्या लॉजमध्ये आम्ही उतरलो. पश्चिमेला सम येथेही वाळूच्या मोठ्या टेकड्या आहेत. पण तिथे तंबूंच्या रांगा, जीपगाड्यांचा धुरळा आणि रात्री लाउडस्पीकर. ज्याला पायी फिरायचे आहे त्याने खुडीसारखे गाव धरावे हे बरे.

लॉज म्हटल्यावर डोळ्यांपुढे पंखा आणि गादी येते. इथले लॉज म्हणजे एका अंगणाभोवती उभ्या केलेल्या मातीच्या गोल झोपड्या. भिंती जाड, माती आणि शेणाने सारवलेल्या, त्यांवर पांढऱ्या खडूने काढलेली नक्षी. वर गवताचे शंकूसारखे छप्पर. आमच्या सौ.नी आत पाऊल टाकताच म्हटले, "हे तर आपल्या आजीचे घर!" खरेच, कोकणात किंवा मराठवाड्यात जिचे बालपण कुडाच्या घरात गेले तिला ह्यात नवल वाटणार नाही. पण ह्या बांधणीत मोठे शहाणपण आहे. जाड मातीची भिंत दिवसाचे ऊन आत येऊ देत नाही आणि रात्रीची थंडी हळूहळू आत सोडते. गोल आकारामुळे वाऱ्याचा मारा एका बाजूला बसत नाही. ह्या मुलखात फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. तिथे ही मातीची झोपडी हीच खरी वातानुकूलित खोली.

पहिल्याच संध्याकाळी लॉजच्या म्हाताऱ्या मालकांनी एक नियम सांगितला. माणशी आंघोळीला एक बादली, आणि वापरलेले पाणी अंगणातल्या झाडांच्या आळ्यात ओतायचे. आमच्या चिरंजीवांनी तोंड वाकडे केले. तेव्हा आम्ही त्याला एक हिशेब सांगितला, कारण वाणिज्य शाखेच्या माणसाला शेवटी आकडाच सुचतो. जैसलमेरला वर्षभरात सरासरी पावणेदोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. म्हणजे आपल्याकडे एका दिवसात जे पाणी गटारातून समुद्रात गेले, तेवढ्यावर इथल्या माणसाने पाच वर्षे काढायची! पोरगे गप्प झाले. दुसऱ्या दिवशी त्याने अर्ध्याच बादलीत आंघोळ केली आणि उरलेले पाणी स्वतः झाडाला घातले.

आता फिरण्याविषयी. वाळवंटात फिरायचे ते पहाटे किंवा संध्याकाळी. आम्ही उजाडण्यापूर्वी साडेसहाला निघालो तेव्हा अंगावर स्वेटर, शाल, कानटोपी असूनही दात वाजत होते. दिवसा चटका आणि रात्री हुडहुडी, असे का? हवेत ओल नाही, आकाशात ढग नाहीत, त्यामुळे वाळूने दिवसभर शोषलेली उष्णता सूर्य मावळताच भराभर निघून जाते. ढग हे आकाशाचे पांघरूण असते, इथे ते पांघरूणच नाही. त्याच कारणाने रात्रीचे तारे मात्र असे दिसतात, की आमच्या नववीतल्या कन्येने अर्धा तास मान खाली केली नाही. दिव्यांच्या झगमगाटात वाढलेल्या मुलांनी आकाशगंगा प्रत्यक्ष पाहिली ती इथेच.

वाटाड्या म्हणून लॉजमालकांनी एक चाळिशीचे गृहस्थ बरोबर दिले होते. उंट हाकणे आणि माणसे फिरवणे हाच त्यांचा व्यवसाय. आम्ही त्यांना 'भाईसा' म्हणत होतो, तिकडे ती रीत आहे. त्यांनी पहिल्याच टेकडीवर आम्हाला थांबवले आणि वाळू वाचायला शिकवले. वाळूची टेकडी, तिला तिकडे 'धोरा' म्हणतात, एका बाजूने सावकाश चढत जाते आणि दुसऱ्या बाजूला एकदम तुटते. चढाची बाजू ती वाऱ्याची. वारा वाळूचे कण लोटत माथ्यापर्यंत नेतो आणि पलीकडे टाकतो. त्यामुळे टेकडी स्वतःच पुढे सरकत असते. चढायचे ते वाऱ्याच्या बाजूने, तिथे वाळू घट्ट दबलेली असते. तुटलेल्या बाजूने चढायला गेलो तर दोन पावले पुढे आणि एक मागे.

त्या वाळूवर रात्रभर काय काय घडले त्याची नोंदवही सकाळी उघडी असते. बारीक टाक्यांची रांग म्हणजे भुंग्याची. दोन मोठे ठसे पुढे आणि दोन लहान मागे तो ससा. एका सरळ रेषेत गेलेली पावले कोल्ह्याची. एका बिळाच्या तोंडाशी शेपटीची फरफट दिसली, तो सांडा, काटेरी शेपटीचा सरडा, थंडीत तो बिळातून क्वचितच बाहेर पडतो. "रिकामे आहे म्हणता ना? मग ही वर्दळ कोणाची?" असे भाईसांनी हसत विचारले. ऊन चढले, वारा सुटला आणि तासाभरात ती नोंद पुसली गेली. जो उशिरा उठतो त्याला वाळवंट रिकामेच दिसते.

झाडांचेही तसेच. लांबून पाहिले तर काटक्या. जवळ गेलो तर प्रत्येकीला नाव आणि प्रत्येकीचा उपयोग. रुईला तिकडे आक म्हणतात. सेवण हे गवत एकदा मूळ धरले की वर्षानुवर्षे टिकते आणि गाई-मेंढ्यांना पोसते. केराची हिरवी फळे आणि खेजडीच्या शेंगा, म्हणजे सांगरी, वाळवून वर्षभर भाजी करतात. लॉजवर आम्ही ती भाजी बाजरीच्या जाड भाकरीबरोबर आणि ताकाबरोबर खाल्ली. भाकरीला तिकडे सोगरा म्हणतात, चव मात्र आपल्या गावाकडचीच. आणि ही खेजडी म्हणजे कोण? आपली शमी! राजस्थानने १९८३ साली तिला राज्यवृक्ष ठरवले. तिची मुळे फार खोल जातात, तिच्या सावलीत पीक जळत नाही, उलट चांगले येते, म्हणून शेतकरी शेताच्या मध्ये ती ठेवतात. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात राजाची माणसे ही झाडे तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी बिश्नोई यांनी झाडाला मिठी मारली आणि त्यांच्यासह ३६३ स्त्री-पुरुषांनी प्राण दिले. झाडासाठी मरणारी माणसे आमच्या मुलांनी पुस्तकात वाचली होती, ते झाड त्या दिवशी हाताने चाचपून पाहिले.

साडेआठच्या सुमारास आम्ही एका कोरड्या तलावाच्या काठी पोहोचलो. तलावाच्या पोटात अरुंद तोंडाच्या विहिरी, वर लाकडी झाकण. ह्यांना बेरी किंवा कुंई म्हणतात. ह्या विहिरीची युक्ती सांगण्यासारखी आहे. वाळूच्या खाली काही ठिकाणी खडीचा थर असतो, म्हणजे जिप्समचा पांढरा, कडक पट्टा. पावसाचे पाणी वाळूतून झिरपते आणि त्या पट्ट्यावर अडकते. खालचे खोल पाणी खारट, पण हे मधले पाणी गोड. इथल्या लोकांनी पाण्याला तीन नावे दिली आहेत. आकाशातून पडते ते पालर पाणी, खोल जमिनीतले ते पाताळ पाणी आणि वाळूत ओल होऊन राहते ते रेजाणी पाणी. ह्या रेजाणी पाण्यासाठी कुंई खणायची. तोंड अरुंद, म्हणजे पाणी उडून जात नाही आणि सांडत नाही. अशा कुंईत दिवसाकाठी दोन-तीन घडे पाणी जमते. तेवढ्यावर एक घर चालते. अनुपम मिश्र यांनी 'राजस्थान की रजत बूंदें' ह्या हिंदी पुस्तकात ह्या विद्येचे सविस्तर वर्णन केले आहे. खणणारा माणूस आत उतरला की जेमतेम हात हलवण्यापुरती जागा असते, वाळू ढासळली तर जीव जातो. खणता खणता गवताच्या जाड दोराने भिंतीला वेढे देत जायचे. ही इंजिनिअरिंगची विद्याच आहे. पण ही विद्या जाणणाऱ्याच्या नावापुढे पदवी कोणी लावली नाही.

पाणी कोणाचे, हा प्रश्न आमच्या वाचकांना नवा नाही. २० मार्च १९२७ चे चवदार तळे आपल्या घराघरात ठाऊक आहे. भाईसांनी आमचे आडनाव, गाव विचारले तेव्हा आम्ही सरळ "जयभीम" म्हटले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. ते मेघवाल समाजाचे. कातडी कमावणे, विणकाम, शेतमजुरी हे ह्या समाजाचे पिढीजात काम आणि त्यांच्या बायकांचे आरसेकाम-भरतकाम जगभर विकले जाते. त्यांचा मुलगा बाडमेरला वसतिगृहात राहून शिकतो आणि त्याच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो आहे, हे त्यांनी अभिमानाने सांगितले. मग बेरीच्या काठावर बसून आपल्या आजोळची आठवण सांगितली. त्यांची आई विहिरीपासून लांब घडा ठेवून उभी राहायची, कोणी दया करून ओतले तर पाणी. "दुष्काळ ढगांमुळे पडतो असे लोक म्हणतात. आमच्या आईचा दुष्काळ भर पावसाळ्यातही असायचा," हे त्यांचे शब्द. आता इंदिरा गांधी कालव्याचे पाणी पुष्कळ गावांत नळाने पोहोचते. ह्या कालव्याचे काम १९५८ साली सुरू झाले आणि १९८७ साली पाणी जैसलमेर जिल्ह्यात आले. नळ जात विचारत नाही. पण नळ कोणाच्या गल्लीत आधी येतो आणि कोणाच्या शेवटी, हे ठरवणारी माणसेच असतात.

जोधपूरचा मेहरानगड पाहायला सगळे जातात. १४५९ साली राव जोधा याने तो बांधायला घेतला, तेव्हा पायात राजाराम मेघवाल ह्या माणसाला जिवंत पुरले असे तिकडे सांगतात. त्याच्या नावाचा दगड किल्ल्यात आहे. परतताना आम्ही सगळे त्या दगडापुढे दोन मिनिटे उभे राहिलो. पर्यटक तोफा पाहायला पुढे जात होते. भक्कम दिसणाऱ्या गोष्टींच्या खाली कोण आहे, हे वाकून पाहावे लागते.

असो. पुन्हा वाळवंटाकडे. बेरीहून पुढे उतारावर मातीचा एक लांब बांध लागला आणि त्याच्या आत चक्क हिरवा हरभरा! ही खडीन. खडकाळ उतारावरचे पावसाचे पाणी वाहत येऊन बांधाला अडते, जमिनीत मुरते, आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घेतात. वरून पाण्याचा थेंब द्यावा लागत नाही. पालीवाल ब्राह्मणांनी पंधराव्या शतकापासून ही पद्धत ह्या भागात रुजवली असे मानतात. त्यांचेच कुलधरा हे गाव जैसलमेरपासून अठरा किलोमीटरवर ओसाड पडले आहे. वाटाडे तिथे भुते दाखवतात आणि पैसे घेतात. आमच्या मुलांनाही तेच आधी पाहायचे होते. आम्ही त्यांना दिवसाउजेडी नेले आणि घरांच्या भिंती, गल्ल्या, पाण्याच्या जागा दाखवल्या. एकोणिसाव्या शतकात लोक हे गाव सोडून गेले. दिवाणाचा जुलमी कर आणि आटलेले पाणी ही कारणे सांगितली जातात. माणसाला गाव सोडायला भूत लागत नाही, कर आणि तहान पुरते. हे आमच्या मुंबईकर वाचकांना समजावून सांगायला नको. आपले आजे-पणजे गिरणीत, गोदीत कशासाठी आले होते?

आता मुख्य मुद्द्यावर येतो. खडीनच्या पलीकडे खेजडी, केर आणि बोरीच्या झाडांचा मोठा विस्तार लागला. मध्ये एक लहानसे देऊळ, एक तळे, आणि चरणाऱ्या शेळ्या-मेंढ्या, उंट. ह्याला तिकडे ओरण म्हणतात. देवाच्या नावाने राखलेली गावाची सामाईक जमीन. फांदी तोडायची नाही, नांगर घालायचा नाही, पण कोणाच्याही जनावराने चरावे, तळ्यावर पाणी प्यावे. कोकण-सह्याद्रीतली देवराई आणि आपल्या गावचे गायरान ही दोन्ही एकत्र केली की ओरण होते. ज्याच्या नावावर एक बिघाही जमीन नाही त्याच्या दहा शेळ्या ह्या ओरणावर जगतात. देवाचे नाव बाजूला ठेवले तरी व्यवस्था म्हणून ती गरिबाच्या कामाची आहे.

परंतु सरकारी दप्तरात अशा पुष्कळ जागेपुढे लिहिलेले असते 'पडीक'. आमचा जन्म रकाने भरण्यात गेला. रकान्यात एक शब्द पडला की पुढे कागद त्या शब्दाने चालतो, जागेवर काय आहे ते पाहायला कोणी जात नाही. केंद्र सरकार पडीक जमिनींचा नकाशासंग्रह, 'वेस्टलँड ॲटलास', प्रसिद्ध करते, त्यात वालुकामय प्रदेश हाही एक प्रकार धरलेला असतो. जमीन पडीक म्हटली की ती कोणालाही देता येते. जैसलमेर भागात सूर्यऊर्जेचे आणि पवनऊर्जेचे प्रकल्प उभे राहिले आणि चराईच्या जमिनी त्यांत जाऊ लागल्या, तेव्हा गावकऱ्यांनी, धनगरांनी आवाज उठवला. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला ओरण आणि देवराया शोधून, मोजून, वन म्हणून नोंदवण्याचे निर्देश दिले. म्हणजे त्या आधी त्यांची पुरती नोंदच नव्हती!

'पडीक' ह्या शब्दाचे वजन आमच्या वाचकांना ठाऊक आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो ह्याच पडीक जमिनीसाठी. मराठवाड्यात गायरान कसणाऱ्या आपल्या बांधवांच्या नावावर ती जमीन व्हावी म्हणून पुढच्या पिढ्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत राहिल्या. एकाच रकान्यातला हा शब्द कुठे मेंढपाळाच्या विरुद्ध जातो, कुठे भूमिहीनाच्या. दोन्हीकडे गोष्ट एकच, तिथे राबणारा माणूस दप्तराला दिसत नाही.

माणूस दिसत नाही तिथे पक्ष्याची काय कथा? तिसऱ्या दिवशी आम्ही डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये सुदासरीला गेलो. १९८० साली जाहीर झालेले हे क्षेत्र ३१६२ चौरस किलोमीटरचे, जैसलमेर आणि बाडमेर दोन जिल्ह्यांत पसरलेले. चिंकारा हरणे भरपूर दिसली. आणि सकाळी पावणेआठला, दूर गवतात, एक उंच मान वर आली. गोडावण! आपण त्याला माळढोक म्हणतो. आपल्याकडे १९७९ साली सोलापूर-नगर भागात त्याच्यासाठी अभयारण्य केले, पण आता नान्नजला तो दिसणे ही बातमी होते. साऱ्या देशात मिळून दीडशेच्या आसपास उरले असतील, त्यांतील बहुतेक ह्या जैसलमेरच्या माळावर. एक मीटर उंचीचा, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी जमिनीवर एका वेळी बहुधा एकच अंडे घालतो. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरचे त्याला नीट दिसत नाही. वजन मोठे असल्याने ऐनवेळी वळता येत नाही. म्हणून उडताना तो विजेच्या तारांवर आदळतो आणि मरतो.

१९ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अधिवासातील तारा शक्य तिथे जमिनीखालून न्याव्यात असा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो सरसकट आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. २०१९ पासून सम येथे अंडी गोळा करून पिल्ले वाढवण्याचे कामही सुरू झाले. कोणी म्हणेल, सूर्याची वीज हवी की पक्षी? वीज नको असे म्हणण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. कंदिलाच्या उजेडात अभ्यास केलेल्या माणसाला विजेची किंमत कळते. कोळशाच्या राखेशेजारीही आपलीच माणसे राहतात. प्रश्न वीज हवी की नको हा नाही. तारा कुठून न्यायच्या, जमीन कोणाला विचारून घ्यायची आणि चराई गेली त्याला काय द्यायचे, हा आहे. रिकामी जागा म्हटले की हे प्रश्न विचारावेच लागत नाहीत, म्हणून तर ती रिकामी म्हटली जाते.

वाचकांपैकी कोणाला जायचे असेल तर चार गोष्टी सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ बरा. उन्हाळ्यात लहान मुलांना घेऊन जाऊ नये. चालताना माणशी तीन लिटर तरी पाणी जवळ ठेवावे, मीठ-साखर किंवा ओ.आर.एस.ची पाकिटे असावीत. डोक्याला सुती फडके, अंगात पूर्ण बाह्या, पायांत बंद बूट. आपल्याच पावलांच्या खुणांवर परत येऊ असे समजू नये, वारा त्या पुसतो. वाटाड्याशिवाय दूर जाऊ नये. सीमेकडच्या काही भागांना सरकारी परवाना लागतो, आधी जैसलमेरला चौकशी करावी. वाटाड्या गावातलाच घ्यावा, घासाघीस न करता मजुरी त्याच्या हातात द्यावी. जीपने टेकड्या तुडवू नयेत, सेवणाचे गवत एकदा मोडले की लवकर उभे राहत नाही. आणि प्लॅस्टिकची बाटली नेली तशी परत आणावी. उंटाच्या आणि गाईच्या पोटात जाणारे प्लॅस्टिक आपणच तिथे नेतो.

ज्यांना इतक्या लांब जाणे परवडत नाही त्यांनी हिरमुसू नये. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा सातबाऱ्यावर किंवा ग्रामपंचायतीच्या दप्तरात जी जागा 'पडीक', 'गायरान' किंवा 'पोटखराब' लिहिली आहे ती मुलांना घेऊन पायी फिरून पाहा. पहाटे जा. एक शंभर पानी वही बरोबर घ्या. तिथे कोणाच्या शेळ्या चरतात, कोण सरपण वेचते, कोणती झाडे आहेत, कोणता पक्षी अंडी घालतो, पाणी कुठे साठते, आपल्या वस्तीतील कोणाचे पोट त्या जागेवर चालते, हे तारखेसह लिहून ठेवा. गावातील म्हाताऱ्या माणसांना झाडांची नावे विचारा, ती त्यांच्याबरोबर जाण्यापूर्वी वहीत उतरू द्या. उद्या कोणी नकाशा घेऊन आला आणि म्हणाला, "इथे तर काहीच नाही," तर ती वही त्याच्यापुढे ठेवता येईल.

जयभीम!